बाईंची टिचबटणं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी मनोगत पाठवा, असं पत्र आलं. लिहायला बसलो तर कवायत, गॅदरिंग सगळं मागे पडलं. डोळ्यांसमोर फक्त सायन्सच्या बाई.

नववीत पेशीविभाजन शिकवायला बाई लोकर, सुतळी आणि टिचबटणं घेऊन आल्या. (लोकर भाच्याच्या अर्धवट स्वेटरची होती, हे पुढे कळलं.) टेबलावर खडूने गोल काढला, ती पेशी. त्यात चार रंगांचे चार धागे, ती आनुवंशिक माहिती वाहणारी गुणसूत्रं. "आधी नक्कल, मग वाटणी," म्हणत त्यांनी प्रत्येकाशेजारी तेवढाच, त्याच रंगाचा धागा ठेवला आणि जोडी मधोमध टिचबटणाने अडकवली. जोड्या मधल्या रेघेवर. दोन्ही बाजूंना एकेक मुलगा, हातात सुतळ्या, ते गुणसूत्रं ओढणारे तर्कुतंतू. "प्रत्येक जोडीला दोन्हीकडून सुतळी लागल्याशिवाय ओढायचं नाही. पेशीसुद्धा थांबते."

मी थांबलो नाही. हिरव्या जोडीला पलीकडची सुतळी लागायची होती. तीन जोड्या टिच्‌ टिच्‌ सुटल्या, हिरवी मात्र बटणासकट माझ्याकडे आली. माझ्याकडे पाच, समोर तीन. वर्ग हसला, बाई नाही. "त्या लेकीकडे, म्हणजे समोरच्या नव्या पेशीकडे, हिरवा नाहीच. त्यातली माहिती ती आणणार कुठून?" मग पुन्हा सगळं मांडायला लावलं. आईकडे चार, दोन्ही लेकींकडे चार-चार झाल्यावरच मधली सुट्टी मिळाली.

आज मी पुण्यात गुणसूत्रांच्या तपासणीचंच काम करतो. रक्तातल्या पेशी साधारण ७२ तास वाढवायच्या, ऐन विभाजनात कोल्सेमिड हे रसायन घालून अडवायच्या (त्याने तर्कुतंतूच बनत नाहीत) आणि मोजायचं: ४६. कधी ४७ भरतात, एकविसाव्या क्रमांकाची दोनाऐवजी तीन; म्हणजे डाऊन सिंड्रोम. ही चूक बहुतेकदा बीजपेशी (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) तयार होतानाच्या विभाजनात झालेली असते. तरी रिपोर्ट लिहिताना मला ती हिरवी जोडी दिसते.

प्रयोगशाळेच्या जागी आता कॉम्प्युटर रूम झाली म्हणे. स्क्रीनवर जोड्या सुरेख सुटत असतील. कुणाच्या हातून चुकणार नाहीत, हेच मला खटकतं.

एक कबुली राहिली. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड पाहताना मला नुसते लाल डाग दिसले होते. वहीतली १६ गुणसूत्रं शेजाऱ्याची पाहून लिहिली. तो आरशाचा मायक्रोस्कोप अजून कपाटात असेल तर मी दुरुस्त करून देतो. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी कांदे तेवढे कुणीतरी मुळं फुटायला पाण्यावर ठेवा.