खताआधी खड्डा

झाड पिवळं पडलं, वाढ थांबली, की पहिला हात खताच्या पिशवीकडे जातो. माझा आग्रह आहे की त्याआधी फावडं घ्या आणि मीटरभर खोल खड्डा खणा. माती परीक्षणाचा नमुना बहुतेक वेळा वरच्या 15-20 सेंमीतूनच घेतला जातो. मुळं त्याच्याही खाली जातात, किंवा जायला हवी होती आणि गेली नाहीत. ती का गेली नाहीत, हे खड्ड्याच्या भिंतीवर दिसतं.

खड्डा मीटरभर लांब आणि आत उभं राहता येईल एवढा रुंद घ्या. रेताड किंवा ओल्या जमिनीत भिंत ढासळते, म्हणून मीटरपेक्षा खोल जाऊ नका. वरची माती एका बाजूला टाका, खालची दुसऱ्या बाजूला. हे ढीग एकत्र करू नका. उन्हाकडे तोंड असलेली एक भिंत उभी ठेवा. फावड्याने घासलेली भिंत गुळगुळीत होते आणि तिच्यावर काहीच कळत नाही. सुरीचं टोक खुपसून वरून खाली माती थोडी थोडी उचकटत या. माती तिच्या स्वतःच्या फटींवर तुटते आणि थर उघडे पडतात.

सगळ्यात वर पालापाचोळा, अर्धवट कुजलेला. याला ओ थर म्हणतात. नांगरटीच्या जमिनीत तो बहुधा नसतोच. त्याखाली गडद रंगाचा, भुसभुशीत ए थर. गांडुळं, बुरशी, केशमुळं यांची खरी वस्ती इथे. चांगल्या स्थितीतल्या या मातीचं निम्मं आकारमान पोकळीचं असतं आणि त्या पोकळीत हवा आणि पाणी साधारण निम्मं-निम्मं. मातीच्या एकूण आकारमानात हवेचा वाटा 10 टक्क्यांच्या खाली गेला की मुळं गुदमरू लागतात. जुन्या जंगलात, विशेषतः आम्लधर्मी मातीत, ए च्या खाली फिकट, धुपून गेल्यासारखा ई थर दिसतो. शेतात तो क्वचितच ओळखू येतो. पुढे बी थर: वरून झिरपलेली चिकणमाती, लोह, चुना इथे येऊन साठतात, म्हणून तो घट्ट आणि रंगाने वेगळा असतो. मग सी, म्हणजे मुरूम, झिजत चाललेला खडक. शेवटी अखंड खडक.

पण थरांची नावं पाठ करून उपयोग नाही. जिथे एक थर संपून दुसरा सुरू होतो, ती रेघ बघा. मुळं आणि पाणी अडतात ते बहुतेक तिथेच.

सुरीचं टोक एकाच जोरानं दर 5 सेंमीवर टोचत खाली या. 15 ते 25 सेंमीच्या दरम्यान कुठेतरी ते अचानक जाईनासं झालं, आणि त्याच्या 5-10 सेंमी खाली पुन्हा सहज गेलं, तर तो नांगराचा तळ आहे. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरट आणि ओल्या जमिनीवरून फिरलेली चाकं, यांनी दाबून केलेली फरशीच ती. इथलं ढेकूळ हातात घ्या: आडव्या पापुद्र्यांनी सुटतं, छिद्रं जवळपास नाहीत. सोटमूळ सरळ खाली येतं, या जागी जाड होतं, काटकोनात वळतं आणि आडवं पळत राहतं. जमिनीवर उभ्या झाडाच्या दुखण्याचं उत्तर त्या एका वळणात असतं.

याची किंमत पाण्यात मोजता येते. मध्यम पोताची पोयट्याची माती मीटरभर खोलीत झाडाला मिळू शकेल असं साधारण 150 मिमी पाणी धरते. मुळं 30 सेंमीवर अडली तर त्यांच्या वाट्याला 45 मिमी आलं. 90 सेंमीपर्यंत गेली तर 135 मिमी. रोजचा वापर 5 मिमी धरला आणि निम्मं पाणी संपल्यावर झाडाला ताण बसू लागतो असं मानलं, तर पहिलं झाड साडेचार दिवसांत माना टाकायला लागेल, दुसरं साडेतेरा दिवस काढेल. शिवाय नत्र पाण्याबरोबर खाली झिरपतं. मुळं उथळ असली तर ते त्यांच्या हातून कायमचं निसटतं. स्फुरद मात्र टाकलं तिथून फारसं हलत नाही.

रेघेची दुसरी गंमत पोताची. बारीक मातीखाली जाड वाळू किंवा खडी आली तर पाणी लगेच खाली उतरत नाही. वरची माती जवळपास पूर्ण भिजल्याशिवाय ते ती रेघ ओलांडत नाही. म्हणूनच कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा सुधारत नाही. उलट चिंब मातीचा पट्टा मुळांच्या जवळ, वर सरकतो. कुंडीला खालून भोक हवं आणि वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण हवं. चिकणमातीत झाडासाठी खड्डा काढून तो वाळू आणि खताने भरणं हीसुद्धा तशीच चूक: पावसाचं पाणी त्यात हौदासारखं साचतं. खड्ड्यात तीच माती परत घाला, खत वरून पसरा, आणि फावड्याने लिंपल्यासारख्या झालेल्या भिंती पहारीनं खरवडून घ्या, नाहीतर मुळं आतच गोल फिरतात.

रंगही बोलतात. राखाडी मातीत गंजासारखे ठिपके असतील तर त्या खोलीवर वर्षातला काही काळ पाणी तुंबतं. पांढरे खडे दिसले तर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे. असा थर खणून वर आणू नका. चुन्याच्या मातीत लोह मिळेनासं होतं, मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. जमीन सपाट करतानाही हेच बिघडतं: वरचा थर कापला जातो आणि तिथे जस्त, स्फुरदाची कमतरता लगेच दिसते. वरचा थर आधी वेगळा काढा, सपाटीकरण झाल्यावर परत पसरा.

नांगराचा तळ फोडायचा तर सबसॉयलर, म्हणजे माती न उलटवता खोलवर फोडणारं अवजार, त्याच्या 5 सेंमी खालून चालवा. जास्त खोल गेल्यास इंधन वाया जातं. माती त्या खोलीवर कोरडी हवी. तिथली मूठभर माती दाबा: गोळा टिकला, वळली तर वळी निघाली, तर थांबा. ओल्या मातीत फाळ फक्त चीर पाडतो आणि तिच्या कडा चोपून घट्ट करतो. बागेत पहारीनं तेवढाच पट्टा हलवा, माती उलटवू नका. मग लगेच ताग किंवा मुळ्यासारखं खोल मुळाचं पीक घ्या, म्हणजे मुळं भेगांमध्ये शिरून त्या उघड्या ठेवतात. नुसतं फोडून पुन्हा त्याच चाकांखाली दिलं, तर एकदोन हंगामांत फरशी परत तयार.

खड्डा बुजवताना खालची माती खाली, वरची वर. थराथराने हलकेच दाबत या आणि शेवटी 10 सेंमीचा उंचवटा ठेवा. पहिल्या पावसात माती बसते.