काळ्या प्लेटवर उभा राहिलेला धंदा

लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आम्ही प्री-प्रेसचं, म्हणजे छपाईआधी फोटो आणि पानं तयार करून देण्याचं, काम सुरू केलं तेव्हा फिल्म निघायच्या. पुढे सीटीपी आलं, फिल्मशिवाय कॉम्प्युटरवरून थेट छपाईच्या प्लेट निघू लागल्या. यंत्रं बदलत गेली, पण मासिकवाले आमच्याकडे टिकले ते एका कामासाठी: फोटोतला काळा नीट बांधून देणं.

सायन, मॅजेंटा आणि पिवळा एकावर एक छापले की कागदावर मळकट तपकिरी उमटतो, म्हणून काळी शाई लागते. ती किती घालायची, यावर सगळा खेळ. चारही शाया पूर्ण भरल्या तर बेरीज ४०० टक्के होते. मासिकाच्या वेब ऑफसेटला, म्हणजे कागदाच्या रिळावरच्या छपाईला, ३०० च्या आसपास थांबावं लागतं, वर्तमानपत्राच्या कागदाला २४० च्या. त्यात दिवाळी अंकांचं काम ऐन पावसाळ्यात. मुंबईच्या दमट हवेत शाई लवकर वाळत नाही, एका कागदाचा डाग दुसऱ्याला लागतो, कागद ओल धरतो आणि रजिस्टर, म्हणजे चारही रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, हलतं. अशा वेळी करड्या भागातले तिन्ही रंग उतरवून त्यांच्या जागी काळा चढवायचा. याला जीसीआर म्हणतात. शाई कमी बसते आणि मशीनवर रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी करडा करडाच राहतो.

हेच चेहऱ्यावर केलं की गालावर काजळी धरते. मुखपृष्ठावर हातात चांदीचं निरांजन घेतलेली बाई असते, तेव्हा आम्ही त्याच फोटोची दोन सेपरेशन, म्हणजे चार शायांतल्या दोन वेगळ्या फोडी, करतो. निरांजनाला काळा जास्त, त्वचेला अगदी हलका, फक्त गडद सावल्यांपुरता. मग मास्क लावून दोन्ही जोडतो. नथीचे मोती मात्र फार वेळ खातात, कारण ते करडे आणि टेकलेले गालाला. तिथली कड हाताने करावी लागते आणि ती आम्ही हातानेच करतो.

मजकूर नेहमी फक्त काळ्यात, ओव्हरप्रिंट करून, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापून. चार रंगांत गेला आणि रजिस्टर हललं, तर वेलांट्या आणि अनुस्वार फुटलेच म्हणून समजा.

संपादकांना एकच विनंती: फोटो मूळ आरजीबीतच, म्हणजे कॅमेऱ्याच्या लाल-हिरवा-निळा या रंगांतच, पाठवा. आधीच सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत, केलेल्या फोटोत काळा कुणीतरी ठरवून टाकलेला असतो, आणि तो तुमच्या कागदासाठी ठरवलेला नसतो.