गोळ्या काढून घेतल्या आणि वळणं थांबली

शेवटी जमलं! कॉम्प्युटरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर हवाई लढाई शिकणाऱ्या माझ्या नव्या बॅचचं घोडं कुठे अडलं होतं ते मागच्या नोंदींत आलंच आहे. फॉके-वुल्फ १९० ए-८ घेऊन डाइव्ह (वरून खाली सूर) छान मारतात, नेमही बरा आहे. पण समोरच्या स्पिटफायर ९ ने ब्रेक केला (म्हणजे चुकवायला एकदम करकचून वळलं) की हेही त्याच्यामागे वळतात आणि पडतात. काल तिघांपैकी एकही वळला नाही.

‘वळू नका, वर जा’ असं व्हॉइसवर ओरडून उपयोग नव्हता. नेमाच्या साइटमध्ये शत्रू दिसत असताना स्टिक ढिली सोडवत नाही. मग हिशोब मांडून दाखवला. गेजवरचा वेग (आयएएस) आणि हवेतला खरा वेग (टीएएस) यांतला फरक बाजूला ठेवू. ताशी ५०० किमी वेग म्हणजे साधारण ९८५ मीटर उंचीइतकी एनर्जी. ३०० वर आलात की उरतात जेमतेम ३५४. एका करकचून मारलेल्या वळणात सहाशेहून जास्त मीटर गेले! त्यात ४ जी (वजनाच्या चौपट भार) ओढले तर त्याच वेगाला इंड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे लिफ्टपायी येणारा हवेचा अडथळा, सरळ उड्डाणाच्या १६ पट. सगळ्यांना पटलं आणि पुढच्याच सॉर्टीत (उड्डाणात) सगळे पुन्हा वळले.

म्हणून गोळीबारच बंद केला. डाइव्ह मारायची, स्पिटच्या बाजूने निघायचं, पंख सरळ करायचे, हलक्या हाताने झूम, म्हणजे वेगाच्या जोरावर वर चढायचं. वर पोचलात की वेग आणि उंची मोठ्याने सांगायची. किल (विमान पाडल्याचं श्रेय) मिळणारच नाही म्हटल्यावर पाठलागाचं कारणच उरलं नाही, नजर आपोआप गेजवर गेली. नंतर गोळ्या परत दिल्या. सगळ्यात उतावळ्या पोराने एका पासमध्ये स्पिटचा पंख उडवला आणि मागे वळून न बघता वर निघून गेला. किलपेक्षा त्या झूमचा आनंद मला जास्त झाला.

उड्डाणाची नोंद नंतर उलगडून दाखवणाऱ्या टॅकव्ह्यू या सॉफ्टवेअरशिवाय शिकवणं आता मला शक्यच वाटत नाही. एनर्जीचे आलेख शेजारी ठेवले की वाद मिटतो. नवी स्टिक घेऊ का, असं विचारणाऱ्यांनी आधी पिचचा कर्व्ह (स्टिक मागे-पुढे केल्यावर विमान किती पटकन नाक उचलतं ते सेटिंग) मऊ करून बघावा. हेड ट्रॅकिंगला (डोकं वळवलं की स्क्रीनवरची नजर वळते, त्याला) सुरुवातीला ओपनट्रॅक हे सॉफ्टवेअर आणि साधा वेबकॅम पुरतो.

पुढच्या सत्रात हाय यो-यो (वळताना वर चढून वेग आवरायचा डाव) घ्यायचा होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी बाजू बदलावी. स्पिट त्यांना द्यायचं, १९० मधून डाइव्ह मी मारणार. ब्रेक लवकर केला तर हल्लेखोर नेम सुधारतो, उशिरा केला तर गोळ्या बसतात. ती वेळ स्वतः साधली की वरून येणाऱ्याला काय नको असतं ते कळेल. यो-योही मग सोपा जाईल, कारण तिथेही वेग देऊन उंचीच घ्यायची असते. तर ठरलं, यो-यो त्यानंतर. तिघांनी एवढं लक्षात ठेवा, स्पिटचं गेज मैलांत आहे: ५०० किमी म्हणजे तिथे ३१०.