तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, बोट बुडाली नाही

वेंगुर्ल्याला गणपतीत गेलो की चहाच्या आधी प्रश्न येतो, "काय रे, तुझी होडी बुडली मा?" मॉरिशसला परतलो की इथली मराठी मंडळी तेच क्रेओलमध्ये विचारतात, जरा अदबीनं. पुण्याचे मित्र "पैसे संपले ना शेवटी?" म्हणतात आणि उत्तराची वाटही बघत नाहीत. यंदा सहा जणांना सहा उत्तरं दिली. एकही पूर्ण नव्हतं.

बुडाली नाही. बुडायला आधी पाण्यात जावं लागतं. शिवाय आम्ही बांधत होतो ती मिनी 6.50 वर्गाची, म्हणजे शर्यतीची छोटी शिडाची बोट, आणि तिला बुडायची परवानगीच नसते. आत पाणी भरलं तरी तरंगेल इतका फोम ठासावा लागतो. बोट पाण्यात आडवी पाडून डोलकाठीच्या टोकाला 45 किलो बांधतात, तरी तिनं आपली आपण उभं राहायला हवं. ही चाचणी मी मनातल्या मनात किती वेळा घेतली असेल! साडेसहा मीटर लांब, जास्तीत जास्त तीन मीटर रुंद, आत एकटं माणूस, पडद्यावर नकाशा नाही, किनाऱ्यावरून सल्ला नाही, आणि समोर अटलांटिक. मिनी ट्रान्सॅट, म्हणजे अशा बोटीतून एकट्यानं अटलांटिक ओलांडायची शर्यत, 1977 पासून दर दोन वर्षांनी होते. आम्हाला 2025 ची गाठायची होती.

आम्ही पाच जण. मी फायबरचं काम गोव्यात शिकलो, इथे पर्यटकांच्या कॅटमरान दुरुस्त करतो. जिच्यासाठी बोट, ती तेव्हा 24 वर्षांची. खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात आलेले, मराठी चार शब्द, त्यातला एक "दादा". क्यूरपीप गावचा एक म्हातारा सुतार, ज्यानं चाळीस वर्षं जुन्या गलबतांच्या छोट्या प्रतिकृती बनवून पर्यटकांना विकल्या. त्याला सगळे तोंतों म्हणत, म्हणजे काका. बाकी दोघे सुट्टीच्या दिवशी येणारे. ग्राँ गोब या किनाऱ्यावरच्या गावी भाड्याची शेड. तोंतोंनी प्लायवूडचा साचा असा काही जुळवला होता की हात फिरवला तर सांधा लागत नसे.

आता पैशाचं. गणेशोत्सवात ढोलपुरी (इथली डाळ भरलेली पोळी) विकण्यापासून ते कर्ज काढण्यापर्यंत सगळं करून 17 लाख मॉरिशस रुपये जमले. ऐकायला बरे वाटतात. युरोत पस्तीस हजारही होत नाहीत, आणि त्या वर्गातल्या नव्या प्रोटोटाइपला लाखाच्या वर सहज लागतात. कार्बनचं अंग परवडणार नव्हतं म्हणून काचेचं कापड आणि फोम. फ्रान्सला न्यायच्या खर्चात मी "एक कंटेनर" असं लिहून ठेवलं होतं. कंटेनर आतून 2.35 मीटर रुंद असतो. बोट तीन मीटर. हे दीड वर्षानं लक्षात आलं. हसा खुशाल.

शेडच्या भिंतीवर शोशोलोझाचा फोटो मीच लावला होता. 2007 साली दक्षिण आफ्रिकेची ती बोट वालेन्सियाला अमेरिका कप या शिडाच्या बोटींच्या स्पर्धेसाठी उतरली, आफ्रिकेतला पहिलाच संघ, अकरा आव्हानवीरांत सातवा. "ते करू शकतात तर आपण का नाही," असं मी 2022 मध्ये सगळ्यांना सांगत फिरलो. त्यांच्यामागे जहाज कंपनीचा माणूस होता आणि नंतर एक जर्मन प्रायोजकही, हे तेव्हा मी जरा दबक्या आवाजात सांगायचो.

पण शेवट पैशानं झाला नाही. म्हणजे झाला, आणि नाही झाला. ऐका.

जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळ आलं. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या. आमचे चार पत्रे उडाले आणि फोम भिजला. तो सुकवण्यात महिना गेला. भाडं मार्चअखेरपर्यंतच भरलेलं. म्हणून फेब्रुवारीच्या एका शनिवारी इन्फ्युजन करायचं ठरलं. साच्यात सुकं कापड आणि फोम पसरायचा, वरून प्लास्टिकची पिशवी लावून कडा चिकटवायच्या आणि पंपानं हवा ओढायची, की रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारा चिकट द्रव, आपोआप कापडात शिरत जातं. एकदा नळी उघडली की मागे फिरता येत नाही.

त्याआधी पंप बंद करून अर्धा तास दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसायचं असतं. काटा पडला म्हणजे कुठेतरी गळतंय. आम्ही दहा मिनिटं बसलो. काटा केसभर हलला. ती माझ्याकडे बघत होती. शेडमध्ये 33 डिग्री, अंगाला कपडे चिकटलेले, सगळ्यांनी सुट्टी काढलेली. मंद हार्डनर, म्हणजे रेझिन सावकाश घट्ट करणारा, निम्म्याहून कमी उरला होता. नवा मागवायचा तर सहा आठवडे आणि न परवडणारं भाडं. मी त्यात मध्यम हार्डनर मिसळला होता.

मी म्हटलं, "चालेल."

पहिली वीस मिनिटं सुंदर गेली. कापडावरून ओली रेघ सरकत होती, भरतीचं पाणी पुळणीवर चढावं तशी. मग रेझिनच्या तिसऱ्या बादलीला हात लावला तर ती गरम. दोन मिनिटांत धुरायला लागली. ती उचलून बाहेर वाळूत ठेवली. परत आलो तर रेघ थांबलेली. कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाला लावतात त्या वजनदार पात्याच्या, जागेपासून वीतभर वर, उजव्या बाजूला, परातीएवढा पांढरा सुका डाग. तोंतोंनी टोपी काढून तोंड पुसलं. कोणी काही बोललं नाही.

दिसत होता तो डाग दुसऱ्या दिवशी भोकं पाडून, रेझिन टोचून बुजवला. फोमच्या पलीकडे, साच्याकडच्या थरात काय झालंय ते दिसत नव्हतं. अंग साच्यातून काढल्यावर रात्री मी एकटा गेलो आणि पाच रुपयांच्या नाण्यानं बाहेरून ठोकत गेलो. टण, टण, टण. कीलच्या वर आल्यावर ठप्प. परत ठोकलं. ठप्प. खडू खिशात होता. मी खूण केली नाही.

अकरा दिवस मी गप्प बसलो. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "दादा, ठीक आहे ना?" मी हो म्हटलं. ती त्या बोटीत एकटी झोपणार होती, किनाऱ्यापासून हजार मैलांवर, आणि कीलचा सगळा भार त्याच जागेतून जाणार होता. हे मला कळत नव्हतं असं नाही.

बाराव्या दिवशी बोटीच्या आतल्या आडव्या भिंती चिकटवायच्या होत्या. तेव्हा सांगितलं. तिनं ग्राइंडर घेतला आणि स्वतःच कापलं. आतून कापूस निघावा तशी कोरडी काच निघाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मास्क काढला, दिवस मोजले आणि म्हणाली, "अकरा."

दुरुस्ती होण्यासारखी होती. तो थर काढायचा, कडा उतरत्या घासायच्या, नवं कापड बसवायचं. वजन वाढलं असतं, सहा आठवडे लागले असते. सहा आठवडे नव्हते. फ्रान्समधल्या ब्रिटनीहून जुनी घेतलेली डोलकाठी विकून कर्जाचा थोडा भाग फेडला. ती मुलगी आता दुसऱ्यांच्या बोटींवर जाते. मला मेसेज करते, वर्षातून एकदा, गणपतीला.

मित्र म्हणतात, पैसे असते तर पुरेसा मंद हार्डनर असता, वाट बघता आली असती. खरंय. मीही दोन वर्षं हेच म्हणत आलो. पण काट्याकडे अजून वीस मिनिटं बघायला पैसे लागत नव्हते. मग वाटतं, भाड्याची तारीख डोक्यावर नसती तर बसलोच असतो की! मग ते अकरा दिवस आठवतात, आणि त्यांचा भाड्याशी काय संबंध, हे मला जुळवता येत नाही. कधी जुळवतो, सकाळपर्यंत सुटतं.

बोटीचं अंग आता तोंतोंच्या परसात उपडं पडलंय, खाली कोंबड्या बसतात. साचा मात्र शाबूत आहे. दर नोव्हेंबरात, वादळं सुरू व्हायच्या आधी, मी जाऊन त्यावरची ताडपत्री बदलतो. पुढच्या वेळी विचारायचंच असेल तर साच्याबद्दल विचारा.