ग्रामसभेला कोण जातं, आणि कोणता ब्लॉक आधी

समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाची मुलं लघुप्रबंधाचे विषय घेऊन येतात, त्यात एक तरी ‘ग्रामसभेतील लोकसहभाग’ असतोच. विषय सोयीचा आहे. गावं जवळची, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं, आणि सरपंचांची ओळख कुणाच्या ना कुणाच्या मामाकडून निघतेच. प्रश्नावल्या भरून होतात, एक्सेलमध्ये चढतात, आणि फेब्रुवारी उजाडला की माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून कुणीतरी विचारतं, “मॅडम, आता याला कोणती टेस्ट लावू?”

मी संख्याशास्त्राची. प्रबंधाचे मार्गदर्शक दुसरे असतात, आकड्यांपुरती मी. हल्ली मुलांना हायरार्किकल मल्टिपल रिग्रेशन (एका गोष्टीशी अनेक घटकांचा किती संबंध आहे ते टप्प्याटप्प्यानं मोजायची पद्धत) हवं असतं, कारण सीनियरच्या प्रबंधात ते होतं आणि तक्ता भारदस्त दिसत होता. माझी हरकत नाही. मला स्वतःला ही पद्धत आवडते. पण एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लिनियर’वर क्लिक करून ‘नेक्स्ट’ दाबत ब्लॉक, म्हणजे घटकांचे गट, भरत जायच्या आधी मी त्यांना लॅपटॉप बंद करायला लावते आणि कागदावर एवढंच लिहायला सांगते: कोणता ब्लॉक आधी, कोणता नंतर, आणि का. पहिली दोन उत्तरं पटकन येतात. ‘का’पाशी पेन थांबतं.

पद्धत तशी साधी आहे. ग्रामसभेचा सहभाग हा अवलंबी चल, म्हणजे ज्याची कारणं शोधायची ती गोष्ट. तो कशाकशावर अवलंबून असेल ते सगळे चल एकदम न टाकता गटागटानं टाकायचे. पहिल्या ब्लॉकमध्ये वय, लिंग, जातप्रवर्ग. दुसऱ्यात शिक्षण, जमीन, उत्पन्न. तिसऱ्यात बचत गटाचं सभासदत्व, पक्षाशी-मंडळाशी संबंध. प्रत्येक ब्लॉकनंतर आर-स्क्वेअर (माणसामाणसांच्या सहभागातल्या फरकाचा किती भाग उलगडला, ते शून्य ते एकमधलं माप) किती वाढला ते बघायचं. वाढलेला तुकडा हीच त्या ब्लॉकची कमाई: आधीच्यांनी जे सांगून झालं, त्यापलीकडे यानं नवं काय सांगितलं?

मेख आहे ती ‘आधीच्यांनी सांगून झालं’ या शब्दांत. शिकलेली बाई बचत गटात असण्याची शक्यता जास्त असेल, तर शिक्षण आणि गट या दोघांचा काही भाग सामाईक असतो. तो सामाईक भाग जो आधी येईल त्याच्या खात्यावर जमा होतो. पहिल्या पंगतीला बसणाऱ्याच्या पानात जिलबी पडते, तसंच. समजा शिक्षण एकटं घेतलं तर आर-स्क्वेअर ०.१०, बचत गट एकटा घेतला तर ०.०९, आणि दोन्ही मिळून ०.१३. शिक्षण आधी टाकलं, तर गटाच्या वाट्याला ०.०३ उरतात. गट आधी टाकला, तर त्याला पूर्ण ०.०९ मिळतात. माहिती तीच, गावं तीच, माणसं तीच. एक प्रबंध लिहील ‘बचत गटाचा वाटा नगण्य’ आणि दुसरा लिहील ‘लक्षणीय’.

आणि हे मुलांना सहसा कुणी सांगितलेलं नसतं: शेवटच्या मॉडेलमधले बीटा, म्हणजे प्रत्येक चलाचं वजन सांगणारे आकडे, दोन्ही क्रमांत अगदी तेच येतात. सगळे चल आत आले की कोण आधी आलं होतं याची त्या मॉडेलला फिकीर नसते. क्रमानं बदलतो तो फक्त श्रेयाचा हिशोब. म्हणून क्रम हा तुमचा युक्तिवाद आहे. तो सॉफ्टवेअरवर सोडता येत नाही. सोडलाच आणि कोणता चल आधी घ्यायचा ते मशीननंच आकडे बघून ठरवलं, तर त्याला स्टेपवाइज म्हणतात, आणि त्यात मशीन तुमच्या नमुन्यातल्या योगायोगांना सिद्धांत समजून बसतं.

क्रम ठरवायला मी दोन आधार देते. पहिला काळाचा. जन्म, लिंग, जात आधी, शाळा नंतर, लग्न, जमिनीची वाटणी त्यानंतर, बचत गट आणखी पुढे, आणि यंदाच्या ग्रामसभेला कुणी बोलावलं का, हे सगळ्यांत शेवटी. दुसरा आधार सिडनी व्हर्बा, के श्लोझमन आणि हेन्री ब्रेडी या तीन अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांचा. १९९५ साली त्यांनी लोक सार्वजनिक कामात का पडत नाहीत याची तीन कारणं मांडली: जमत नाही, इच्छा नाही, किंवा कुणी बोलावलंच नाही. पहिल्यात वेळ, पैसा आणि चारचौघांत बोलण्याची, सभा चालवण्याची सवय, दुसऱ्यात आवड आणि आपल्या म्हणण्यानं काही फरक पडतो ही भावना, तिसऱ्यात संबंध. आमच्याकडच्या प्रश्नावल्यांत पहिली दोन कारणं अगदी तपशीलवार असतात आणि तिसऱ्यासाठी, म्हणजे ‘कुणी बोलावलं का’ असा, थेट प्रश्न एकही नसतो. गावात विचाराल तर पहिलं उत्तर मात्र हेच ऐकू येतं: “आम्हाला कुठं कुणी सांगितलं?”

आता अवलंबी चलाकडे येते, कारण खरा घोळ तिथंच असतो.

एका विद्यार्थिनीच्या प्रश्नावलीत प्रश्न होता, ‘गेल्या वर्षभरात आपण किती ग्रामसभांना उपस्थित होता?’ वरवर बिनचूक. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा लोकांच्या तोंडी बसलेल्या आहेत. म्हणजे उत्तर बहुधा शून्य ते चार. एका ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या मावशींनी उत्तर दिलं, “चारीला. सही हाय माझी.” पोरगी हुशार. तिनं पुढे विचारलं, “मावशी, बसला कुठं होता? शाळेत की चावडीत?” मावशी म्हणाल्या, “बसायचं कशाला? शिपाई वही घिऊन येतो की दारात.”

तिनं प्रश्नावलीत चार लिहिलं आणि शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. त्या प्रश्नचिन्हाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

ही वही का फिरते, त्याचं कारण कायद्यात आहे. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. तेव्हा एक तर वही दारोदार जाते, नाही तर सभा तहकूब होऊन मोजक्या माणसांत उरकते. दोन्ही प्रकारांत ‘उपस्थिती’ या आकड्याचा अर्थ गावागावाला बदलतो. दुसऱ्याच गावची बाई ‘एकदाच गेले’ म्हणते, पण त्या एकदा ती उभी राहून पाण्याच्या टाकीबद्दल भांडलेली असते. रिग्रेशनला मात्र चार हे एकापेक्षा मोठेच दिसतात.

यावर मुलांचा आवडता तोडगा म्हणजे सगळं बेरजेत घालणं. मतदान केलं – १, ग्रामसभेला गेलात – १, तक्रार अर्ज दिला – १, मोर्चात होता – १. झाला ‘नागरी सहभाग निर्देशांक’. इथं मी अडवते. अमेरिकेत शिक्षण वाढलं की यांतलं जवळपास सगळंच वाढतं, त्यामुळे तिथं बेरीज खपून जाते. आपल्याकडे नव्वदच्या दशकापासूनची दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या लोकनीती गटाची निवडणूक सर्वेक्षणं सांगत आली आहेत की गरीब आणि कमी शिकलेले लोक मतदानात मागे नसतात. २०१९च्या लोकसभेला पुण्यासारख्या शिकलेल्या शहरात मतदान पन्नास टक्क्यांच्या आत राहिलं. तक्रार अर्ज मात्र लिहिता येणाराच देतो. म्हणजे शिक्षण एका बाबीला वर नेतं, दुसरीला नेत नाही, कदाचित खालीही ओढतं. सगळ्यांची बेरीज केली की शिक्षणाचा बीटा शून्याजवळ येऊ शकतो आणि प्रबंधात वाक्य पडतं, ‘शिक्षणाचा नागरी सहभागावर परिणाम आढळला नाही’. क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे बेरजेतल्या बाबी एकमेकींशी किती जुळतात त्याचं माप, आधी काढला असता तर त्यानंच ओरडून सांगितलं असतं की या एका माळेतल्या बाबी नाहीत.

आता थोडी मेकॅनिकची कामं, कारण ती नाही केली तर वरचं सगळं वाया.

उत्पन्न कुणी खरं सांगत नाही, अर्धे लोक सांगतच नाहीत. मुलं त्या जागी ९९ टाकतात आणि ‘मिसिंग’ म्हणून नोंदवायला विसरतात. मग तक्त्यात कुणाचं तरी उत्पन्न ९९ रुपये असतं. मी रेशनकार्डाचा रंग विचारायला सांगते. पिवळं, केशरी की पांढरं, हे दारातही कळतं. मात्र १, २, ३ असे आकडे देऊन तसंच रिग्रेशनमध्ये ढकलायचं नाही. तीन रंगांचे दोन डमी (हो असेल तर १, नसेल तर ० असे चल) करायचे, आणि दोन्ही एकाच ब्लॉकमध्ये टाकायचे. एक इथं, एक तिथं, असं केलं की त्या आर-स्क्वेअरच्या वाढीला काही अर्थच राहत नाही.

सगळ्या ब्लॉकना माणसं तीच हवीत. एसपीएसएस एरवी कुठल्याही चलाचं उत्तर नसलेला माणूस सगळ्याच मॉडेलमधून काढून टाकतं, म्हणून तिथं हा प्रश्न झाकला जातो. पण ३०० प्रश्नावल्यांतून किती उरल्या हे बघायचं कुणी मनावर घेत नाही. आर हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना मात्र दोन मॉडेलांची तुलना करताना थेट एरर येतो, नमुन्याचा आकार सारखा नाही म्हणून. मला तो एरर आवडतो.

वाढ खरी की योगायोगाची, हे एफ-चाचणी सांगते, आणि ती एकदा हातानं करावी असा माझा आग्रह असतो. समजा ३०० उत्तरदाते, पहिल्या दोन ब्लॉकांत ५ चल आणि आर-स्क्वेअर ०.१२, तिसऱ्यात ३ चल टाकल्यावर ०.१८. वाढ ०.०६, भागिले ३, म्हणजे ०.०२. उरलेलं न उलगडलेलं ०.८२, भागिले ३०० वजा ८ वजा १, म्हणजे २९१, येतात ०.००२८. भागाकार ७.१ च्या आसपास. तीन आणि २९१ स्वातंत्र्यमात्रांना (वर ज्यांनी भागलं ते दोन आकडे) हे भरपूर झालं. एकदा हे वहीत केलं की एसपीएसएसमधली ‘आर स्क्वेअर चेंज’ ही टिक कशासाठी असते ते पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि शून्यं. ग्रामसभेच्या उपस्थितीत निम्म्याहून जास्त उत्तरं शून्य असली, तर साध्या रेषीय रिग्रेशनचे शेष भाग, म्हणजे मॉडेलचा अंदाज आणि खरं उत्तर यांतले फरक, भलतेच वाकडे येतात. अशा वेळी ‘गेला की नाही’ यावर लॉजिस्टिक, म्हणजे हो-नाही उत्तरांचं रिग्रेशन, करावं किंवा मोजणीचं मॉडेल, प्वासाँ नाही तर निगेटिव्ह बायनॉमियल. ब्लॉकची कल्पना तशीच चालते. एफ-चाचणीच्या जागी लाइकलीहूड रेशो ही चाचणी येते, बस. परीक्षकांना आर-स्क्वेअरच हवा असतो ही वेगळी अडचण. ती संख्याशास्त्राची नाही.

राहतं गाव. तीन गावांतून नमुना घेतला असेल तर माणूस आणि गाव हे दोन स्तर वेगळे धरणाऱ्या बहुस्तरीय मॉडेलचा मोह टाळा, तीन हा आकडा त्याला फारच लहान पडतो. दोन गावांचे डमी करून पहिल्याच ब्लॉकमध्ये टाका. हे मी सुचवलं की मुलं नाराज होतात, कारण पुष्कळदा तो ब्लॉकच मोठा घास घेतो आणि त्यांच्या ‘राजकीय जाणीव’ नावाच्या चलाला उरतं सुरतं मिळतं. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) सात दिवस आधी नोटीस लावतो, आदल्या दिवशी स्पीकर फिरतो, नियमित सभेआधी बायकांची महिला ग्रामसभा खरोखर भरते, तिथं लोक जातात. जिथं सभा कागदावर होते तिथं पदवीधरही घरीच बसतो. हे माणसाच्या मनातलं नाही, कार्यालयाच्या दारातलं आहे, आणि माणसांना विचारलेल्या प्रश्नावलीत ते आपोआप येत नाही.

राजकीय जाणीव शेवटच्या ब्लॉकमध्ये टाकून ‘जाणिवेमुळे सहभाग वाढतो’ लिहिणाऱ्यांशी माझं दरवर्षी वाजतं. एकदाच घेतलेल्या सर्वेक्षणात जाणिवेनं माणूस सभेला गेला की सभेला जाऊन जाणीव आली, हे ब्लॉकचा क्रम सांगू शकत नाही. क्रम तुम्ही दिलेला आहे, तो पुरावा कसा होईल? ‘संबंध आढळला’ लिहा, पुढे चला.

त्या पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हावरून यंदाच्या प्रश्नावलीत उपस्थितीचा प्रश्न आम्ही तीन केलाय: वहीत सही झाली का, सभेच्या जागी बसला होता का, काही बोललात का. आणि त्याआधी नवा एक: सभा आहे हे कसं कळलं? नोटीस, स्पीकर, व्हॉट्सॲप, गटाच्या ताई, घरच्यांकडून, कळलंच नाही. पायलटला, म्हणजे चाचणी-फेरीला, गेलेल्या पोरांनी त्यात सातवा पर्याय घालून आणला, ‘झाल्यावर कळलं’. तो वेगळा कोड ठेवायचा की ‘कळलंच नाही’त मिसळायचा, यावर अजून वाद चालू आहे. मी वेगळा ठेवायच्या बाजूची आहे.