तुम्ही विचारलंत म्हणून: तळं नक्की कधी आटलं?

वाळवंटातली आटलेली तळी अभ्यासणं हे माझं काम. तिथे तळं होतं हे कशावरून, या प्रश्नाचा मला कंटाळा नाही. त्याचं उत्तर तळहातावर ठेवता येतं. वाळूखाली करड्या चिकणमातीचा थर लागतो, त्यात तांदळाच्या दाण्याएवढे गोगलगायींचे शंख शेकड्यांनी असतात. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी. पाहा आणि काय ते ठरवा.

कंटाळा आहे तो पुढच्या प्रश्नाचा. "मग आटलं कधी? नक्की आकडा सांगा ना." मी "साधारण" म्हटलं की चेहरे पडतात. एकजण तर हसून म्हणाले, म्हणजे सगळं अंदाजपंचेच. तर हे "साधारण" मला किती महाग पडलंय ते एकदाच सांगते.

थर वाळवंटातल्या एका रणातली गोष्ट. (खाऱ्या, सपाट, कोरड्या तळ्याला तिकडे रण म्हणतात.) खड्ड्याच्या भिंतीत शंखांचा एक शेवटचा थर होता, त्याच्या वर नुसतं मीठ, जिप्सम आणि वाळू. म्हणजे हे शंख तळ्याचे अखेरचे रहिवासी. त्यांचं वय काढलं की आटण्याची तारीख मिळाली. मी ते निवडले, धुतले, प्रयोगशाळेत पाठवले. कार्बन-१४ वरून (जीव मेल्यावर हा कार्बन ठरावीक वेगाने घटत जातो; जितका कमी उरला तितकं वय जास्त) आकडा आला आणि मला सांगायच्या गोष्टीत तो चपखल बसला. मी तो व्यासपीठावरून सांगितला, नकाशासकट.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "त्याच थरातला कोळसा तपासलात का?" मी म्हटलं, गरज वाटली नाही.

कोळसा होता. बोरू या पाणथळीतल्या गवताच्या जळक्या काडीचा मसुराएवढा तुकडा, माझ्याच अक्षरातली चिठ्ठी लावून पिशवीत पडलेला. तो पाठवला. वय जवळजवळ दीड हजार वर्षांनी कमी आलं.

प्रयोगशाळेची चूक नव्हती. गोगलगाय शंख बांधते तो पाण्यात विरघळलेल्या कार्बनातून. पाणी चुनखडीतून झिरपत आलं असेल तर त्यात पुरातन कार्बन मिसळलेला असतो, त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. अशा पाण्यातली गोगलगाय जन्मतःच म्हातारी निघते. बोरू मात्र हवेतला कार्बन घेतो. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते! पण हवं ते उत्तर हाती आल्यावर कोण उलटतपासणी घेतं?

दुरुस्ती मी जाहीर केली. म्हणजे आठ महिने लावून, शेवटच्या परिच्छेदात, जमेल तितक्या हळू आवाजात.

दीड हजार वर्षांनी असं काय बिघडतं, असंही विचारतात. परागकणांचे अभ्यासक गुरदीप सिंग यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सांभर, डिडवाणा, लूणकरणसर या राजस्थानातल्या तळ्यांच्या गाळातले परागकण मोजले (त्यावरून तेव्हाची झाडंझुडपं आणि पाऊस कळतो) आणि कोरडं होत गेलेलं हवामान व सिंधू संस्कृतीचा ऱ्हास यांची सांगड घातली. पाऊस गेला, शहरं गेली. मीही हेच शिकले, हेच शिकवलं. १९९९ मध्ये भूवैज्ञानिक एन्झेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लूणकरणसरचं तळं आधीच आटलं होतं आणि हडप्पा संस्कृती तिथे बहरली ती त्यानंतर हजारेक वर्षांनी, कोरड्या हवेतच. सगळा वाद त्या हजार वर्षांचा, आणि माझी एकटीची चूक दीड हजारांची. (सरस्वतीचं मला विचारू नका. ती नदी, माझा धंदा तळ्यांचा.)

बरं, कोळसा खरा आणि शंख खोटे, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. तुकडा एकच होता. वरच्या थरातून एखाद्या भेगेतून खाली घसरला असेल तर? तसं असेल तर त्या दिवशी व्यासपीठावर मी बरोबर होते, निदान बरंचसं. ही शंका मला सोयीची आहे हेही कळतं, म्हणून ती मोठ्याने बोलत नाही. आणखी कोळसा शोधायला दोन वर्षांनी गेले तर खड्डा वाळूने काठोकाठ भरलेला, शेजारी ठोकलेली आमची खुंटी तेवढी वर.