४२.८ च्या खंब्यातून लिक्यूर: द्राक्ष, लिंबू, करवंद (फेब्रुवारी ते जुलैच्या नोंदी)

इटलीतल्या लिमोन्चेलोची (लिंबाच्या सालीच्या गोड लिक्यूरची) नेहमीची कृती अशी: १ लिटर मद्यार्क, १ लिटर पाणी, ७०० ग्रॅम साखर. तीच कृती नाशिकात केली की बरणीत पातळ, गुळचट सरबत तयार होतं आणि दोष लिंबांवर जातो. दोष लिंबांचा नाही. तिथला मद्यार्क ९५ टक्क्यांचा असतो, आपल्या दुकानातला व्होडकाचा खंबा (७५० मिलीची बाटली) ४२.८ टक्क्यांचा. साखर विरघळली तरी जागा व्यापते, किलोमागे साधारण ६२० मिली. म्हणजे ७०० ग्रॅम साखरेचे ४३५ मिली धरून एकूण माल होतो २,४३५ मिली. ९५ टक्क्यांच्या मद्यार्काने त्याचं बळ, म्हणजे मद्यार्काचं प्रमाण, ३९ टक्के येतं, आपल्या व्होडकाने जेमतेम साडेसतरा. या सगळ्या नोंदी त्याच एका हिशेबाभोवती आहेत: फळातलं पाणी किती, साखरेची जागा किती, शेवटी बळ किती.

४२.८ हा आकडा ब्रिटिश मोजमापातून आलेला आहे. त्यांचं १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. त्याचे ७५ टक्के काढले की ४२.८. लेबलवर ‘२५ अंश यू.पी.’ असतं तेही हेच, प्रूफच्या २५ अंश खाली.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या ठेवा. घरी भट्टी लावून गाळणं हा महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे इथे परवान्यावर विकत घेतलेल्या सीलबंद बाटलीत फळ मुरवण्याचंच काम आहे. दुसरं, कुणी कितीही ‘शुद्ध’ म्हणून दिलं तरी सुटं स्पिरिट, पॉलिशचं स्पिरिट, प्रयोगशाळेतलं स्पिरिट बरणीत घालायचं नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलने. मिथेनॉल वासाने ओळखता येत नाही, चवीनेही नाही.

१४ फेब्रुवारी. द्राक्ष.

फ्रान्सच्या कोन्याक भागात ‘पिनो दे शारांत’ करतात: न आंबलेला द्राक्षरस आणि कोन्याक, म्हणजे तिथली ब्रँडी, एकत्र करून लाकडी पिंपात मुरवायचं. तयार मालाचं बळ १६ ते २२ टक्क्यांत असतं. या प्रकाराला मिस्टेल म्हणतात. आपल्याकडचं द्राक्षासव याच्या अगदी उलट. तिथे धायटीच्या फुलांच्या साथीने रस आंबवतात आणि मद्य बरणीतच तयार होतं. मिस्टेलमध्ये मद्य बाहेरून घालून आंबणं सुरू होण्याआधीच थांबवायचं. म्हणून साखर सगळी फळाची, वरून एक चमचाही नाही. द्राक्षाच्या गावात राहून हा प्रकार घराघरात का नाही, याची हळहळ वाटते.

माप: ब्रँडी ७५० मिली, गाळलेला रस १,०३५ मिली. बळ १८ टक्के. १६ च्या खाली यीस्टला वाव राहतो, म्हणून १८ हीच आमची लक्ष्मणरेषा.

ब्रँडी घेताना लेबल वाचून घ्या. आपल्याकडच्या पुष्कळ ब्रँड्यांचा पाया मळीच्या मद्यार्काचा असतो आणि रंग कॅरॅमलचा. लेबलवर पूर्ण द्राक्षापासून केल्याचं स्पष्ट लिहिलेलं असेल तीच घ्यावी. मळीच्या ब्रँडीत द्राक्षाचा वास दबतो आणि व्हॅनिलाच पुढे येतो.

माल थॉमसन (बिनबियांची हिरवी द्राक्षं), २ किलो, दिंडोरी बाजूचा. ब्रिक्स मीटरवर (रसातली गोडी मोजणारा) २०. निर्यातीचा हिरवागार, कडक मणी दिसायला देखणा, पण त्याची गोडी अनेकदा १८ च्या आसपासच असते. आपल्याला वेलीवर जरा मागे राहिलेला, पिवळसर झाक आलेला घड हवा. बागाइतदाराला ‘शुगर किती आली?’ विचारलं की तो जागेवर रस टिपून सांगतो. २० ब्रिक्सच्या रसाने तयार मालात लिटरमागे ११५ ते १२० ग्रॅम साखर येते. युरोपातल्या नियमाने लिक्यूर म्हणवायला लिटरला निदान १०० ग्रॅम लागतेच.

मणी देठापासून सोडवून, दोनदा धुऊन, फडक्यावर पूर्ण सुकवले. धुण्याचं पाणी मण्यांवर राहिलं तर तेही हिशेबात शिरतं. मग परातीत हाताने चुरून पंचातून पिळले. मिक्सर नको, साल इतकी बारीक होते की गाळ महिनाभर खाली बसत नाही. २ किलोंतून सव्वा लिटरच्या आसपास रस निघाला. गाळून झाला की लगेच ब्रँडीत ओतायचा. तासभर उघडा राहिलेला रस तांबूस होतो आणि त्याला कापलेल्या सफरचंदाचा वास येतो.

शेजारी दुसरी बरणी ताडून पाहायला लावली: १ किलो अख्खे मणी आणि हाफ, म्हणजे ३७५ मिली ब्रँडी.

१६ फेब्रुवारी

पहिल्या बरणीत कापसासारखे पांढरे पुंजके तरंगताहेत. घाबरायचं कारण नाही. मद्यार्क लागला की रसातलं पेक्टिन आणि प्रथिनं साकळतात. हलवू नये. पाचव्या दिवशी सगळं तळाला बसतं, मग नळीने वरचं निथळ काढून घ्यायचं. फडक्याने गाळायची घाई केली तर फडकं तुंबतं आणि पिळावं लागतं, की पुन्हा गढूळ.

२३ फेब्रुवारी

अख्ख्या मण्यांची बरणी गेली. वरच्या थरात बुडबुडे, झाकण उघडताना फुस्स आवाज, वास व्हिनेगरकडे झुकलेला. कारण मापातच आहे. किलोभर मण्यांत साधारण ८०० मिली पाणी. ३७५ मिली ब्रँडीतला १६० मिली मद्यार्क एवढ्यात पसरला की बळ १३.७ टक्के. तेही सगळं एकजीव झाल्यावर. पहिल्या आठवड्यात मण्याच्या आत मद्यार्क पोचलेलाच नसतो. त्यातून मणी तरंगतात, वरचा थर हवेत उघडा पडतो आणि सालीवरचं यीस्ट तिथे आपलं काम सुरू करतं. अख्खं फळच घालायचं असेल तर किलोला निदान एक पूर्ण खंबा (हिशेबाने २०.७ टक्के), प्रत्येक मण्याला सुईने टोचा, आणि वर काचेची छोटी बशी उपडी ठेवून फळ बुडालेलं राहील असं बघायचं. बिघडलेली बरणी ब्रँडी वाढवून वाचवायला जाऊ नका. व्हिनेगरचा वास पुन्हा जात नाही.

२ मार्च

निथळ काढलेलं मिस्टेल १.६ लिटर. रंग फिका सोनेरी, गोडी बरोबर, पण चव सपाट. खायच्या द्राक्षात आंबटपणा कमीच, त्यात ब्रँडीने तो आणखी पातळ होतो. लिटरला २ ग्रॅम टार्टारिक ॲसिड, म्हणजे ३.२ ग्रॅम, थोड्या मिस्टेलमध्येच विरघळवून घातलं. किराणा दुकानातलं लिंबूफूल चालतं, पण त्याने चव लिंबाकडे जाते. टार्टारिक द्राक्षाचं स्वतःचं आम्ल आहे. मात्र ते घातल्यावर फ्रिजमध्ये तळाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात. ती काच नव्हे, द्राक्षातल्या पोटॅशियमशी जुळून तयार झालेला क्षार. म्हणून बाटलीत भरण्याआधी १० दिवस फ्रिजमध्ये ठेवून खडे तिथेच पाडून घ्यायचे.

२० मार्च. लिंबू.

२० कागदी लिंबं, पिवळी धमक. हिरव्या सालीचा रंग बरणीत आठवड्याभरात शेवाळी तपकिरी होतो. साल सोलाण्याने इतकी पातळ काढायची की मागे पांढरं दिसता कामा नये. कडवटपणा सगळा त्या पांढऱ्यातून येतो. कागदी लिंबाची सालच पातळ, त्यामुळे हात हलका लागतो. ईडलिंबू मिळालं तर काम सोपं आणि वास जास्त गोल.

इथेही ४२.८ आडवं येतं. सालीतलं तेल कडक मद्यार्कात झटकन उतरतं. ९५ टक्क्यांत साल दोन-तीन दिवसांत वाळल्या कागदासारखी कडक होते. आपल्या व्होडकात अर्ध्याहून जास्त पाणी, म्हणून तेल सावकाश उतरतं आणि कडवटपणा मात्र सुखाने उतरतो. महिनाभर मुरवल्याने फक्त कडू वाढतं. उपाय दुहेरी मुरवणीचा: १० लिंबांची साल ७५० मिली व्होडकात ३ दिवस, ती काढून टाकायची, त्याच व्होडकात उरलेल्या १० लिंबांची ताजी साल आणखी ३ दिवस.

२६ मार्च

साल काढून ७२० मिली हाती आलं. पाक: १५० मिली पाणी, २०० ग्रॅम साखर. साखर विरघळली की गॅस बंद, पाक पूर्ण गार करायचा. गरम पाक ओतला तर मद्यार्क उडतो, वासही उडतो. आणि मद्य कधीही पेटत्या गॅसजवळ उघडायचं नाही. पाक झाला २७४ मिली, एकूण ९९४, बळ ३१ टक्के.

ओतताना माल किंचित दुधाळ झाला. हे चांगलं लक्षण: पाणी वाढलं की लिंबाचं तेल बारीक थेंबांनी बाहेर येतं, ऊझोत (ग्रीसच्या बडीशेपेच्या वासाच्या मद्यात) पाणी घातल्यावर होतं तसं. पण बाटलीच्या गळ्याशी तेलाचं पिवळं कडं जमलं तर बळ फार उतरलं असं समजा. ५० मिली व्होडका घालून हलवलं की कडं विरतं.

एक नेहमीची चूक इथेच लिहून ठेवतो. साखर घातल्यावर अल्कोहोलमीटर बुडवून बळ मोजता येत नाही. साखरेने द्रव जड होतो, मीटर वर तरंगतो आणि आकडा फार कमी दाखवतो, कधी शून्यही. बळ साखरेआधी मोजायचं, पुढचं कागदावर काढायचं.

१८ मे. करवंद.

इंग्लंडमध्ये स्लो नावाचं तुरट रानफळ जिनमध्ये मुरवतात. आपल्या करवंदाचा स्वभाव तोच: तुरट, आंबट, गडद रंगाचं. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला मेमध्ये पानाच्या द्रोणात मिळतात ती घ्यायची, पूर्ण काळी. लालसर राहिलेल्यांत चीक जास्त, आणि हा चीकच मोठी अडचण. मद्यार्कात तो साकळून काचेला चिकटतो आणि मालात रबरी तार सोडतो. म्हणून देठ खुडून करवंदं तासभर मिठाच्या पाण्यात, मग दोनदा स्वच्छ पाण्यात, सुकवून दोन रात्री फ्रीझरमध्ये. गोठताना साल आतून फुटते, टोचत बसावं लागत नाही. काचेला लागलेला चीक पाण्याने निघत नाही. आधी खोबरेल, मग साबण.

माप: ५०० ग्रॅम करवंदं, ७५० मिली साधी जिन. साखर आत्ता नाही. सुरुवातीला साखर घातली की ती तळाला बसते आणि चव घेऊन प्रमाण ठरवता येत नाही. बरणी काचेचीच, जिन्याखाली अंधारात. या दिवसांत गच्चीजवळच्या खोलीत ठेवलेल्या बरणीचा लाल रंग पंधरा दिवसांत विटकरी होतो.

८ जून

रंग घट्ट जांभळट लाल. तळाला जेलीसारखा थर. करवंदात पेक्टिन भरपूर, म्हणून हे होणारच. दर दोन दिवसांनी बरणी हलक्या हाताने उलटीसुलटी करतोय. आता बियांचा तुरटपणा येऊ लागलाय, म्हणून आठ आठवड्यांपर्यंत न थांबता सहाव्याला काढायचं ठरलं.

२९ जून

गाळून ८५० मिली. पंचातून आपोआप गळू दिलं, पिळलं नाही. ५०० ग्रॅम करवंदांतलं ४०० मिली पाणी धरलं तर आत्ताचं बळ २७.९. त्यात १५० ग्रॅम बारीक खडीसाखर, पाक नाही, कारण आणखी पाणी परवडत नाही. एकूण ९४३ मिली, बळ २५ टक्के. युरोपात स्लो जिनला किमान २५ च लागतं, तेव्हा माप बसलं. गूळ घालून १०० मिलीचा नमुना केला. करवंदाचा वास पार झाकला गेला आणि माल गढूळ राहिला.

लिंबू आता तीन महिन्यांचं. टोचणारी धार गेली, वास किंचित उतरला. हे वर्षभर ठेवण्याचं काम नाही, सहा महिन्यांत संपवावं. मिस्टेल मात्र अजून तरुणच वाटतं.

१३ जुलै

करवंदातली खडीसाखर पूर्ण विरली. चार दिवस फ्रिजमध्ये उभं ठेवून कॉफीच्या कागदी फिल्टरमधून काढलं. ९०० मिलीला सहा तास आणि पाच कागद लागले. पहिल्या घोटात जिनमधला जुनिपर (जिनला वास देणारं फळ) पुढे येतो, करवंद मागून, आणि तुरटपणा जिभेच्या कडांना शेवटपर्यंत राहतो. बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या, कारण वर हवा राहिली की रंग उतरतो. उरलेल्या करवंदांत बिया वेगळ्या करून २०० ग्रॅम गर निघाला, त्यात अजून मद्य आहे. १०० ग्रॅम साखर घालून तो फ्रिजमध्ये ठेवलाय. पुढची नोंद दिवाळीनंतर, तिन्ही बाटल्या शेजारी ठेवून.